भिंतीवर बायडाबाईचं नाव

आणि पाटी काही तिनं खाली ठेवली नाही. काल इथंच थांबलो होतो ना आपण, चहा आला म्हणून? तर मारुतीच्या पारावर आम्ही पंचवीस-तीस बाप्ये बसलेलो, मधे खुर्चीवर तालुक्याच्या शेती सल्ला केंद्रातून आलेले साहेब, आणि पाराच्या कडेला डोक्यावर सीताफळाची पाटी घेऊन बायडाबाई उभी. फाट्यावर विकायला निघाली होती. साहेबांनी फवाऱ्याची तीन औषधं सांगितली, चौथं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ही म्हणाली, "साहेब, झाडाला कायबी झालं न्हाई. डोंगरातली झाडं हायत, आपली आपण येत्यात. नासतंय ते पाटीत आल्यावर. पाटीचं सांगा की."

साहेबांनी पाटीकडं बघितलं, मग हातातल्या कागदाकडं. म्हणाले, "बाई, ते आमच्याकडं येत नाही. आमचं काम झाडापर्यंत."

"मग झाडापासून घरापातुर कुणाचं?"

सगळा पार हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. पण हसता हसताच मनात आलं, हा प्रश्न मला कावून सुचला नाही? चाळीस वर्षं गावाला अक्कल देणारा माणूस मी, आणि प्रश्न विचारला धनगराच्या बाईनं, तोही डोक्यावर ओझं घेऊन!

आता मी कोण ते सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल हा आप्पाराव कशाला एवढा जळतोय. लिंबागणेशच्या पुढं डोंगराच्या पोटाला आमचं गाव. गावात खव्याची भट्टी माझी. माझ्या बापाची होती, मग माझी झाली. म्हशीचं पाच लिटर दूध कढईत ओतायचं, लांब दांड्याचं उलथणं घेऊन उभं राहायचं, आणि किलोभर गोळा होईतोवर हात थांबवायचा नाही. शिक्षण गावच्या शाळेत सातवी. पण दूध कावून फाटलं, तूप कणीदार कावून होत नाही, लग्नाला खवा किती लागेल, म्हैस व्यायला किती दिवस, असं काहीही असू द्या, गावात एकच उत्तर: "आप्पाला इचारा." हे दोन शब्द मी चाळीस वर्षं रोज खाल्ले. भाकरीपेक्षा गोड लागायचे.

आणि बायडाबाई? तिचा जन्म मेंढरांच्या तळावरचा. कुठल्या शिवारात, ते तिच्या आईलाही नीट सांगता यायचं नाही. "ज्वारी काढायच्या दिसात, नदीच्या अलीकडं," एवढाच पत्ता. शाळेचं तोंड बघितलं नाही. नवरा म्हाळू दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली जातो, तो पावसाच्या तोंडावर परततो. ही पण जायची मागं मागं, घोड्यावर बिऱ्हाड, खांद्यावर कोकरू. पुढं गुडघ्यानं दगा दिला आणि ती गावात राहिली. डोंगरातली सीताफळं तोडायची आणि बीडच्या रस्त्याला फाट्यावर बसून विकायची.

तिला एक खोड. विचारायची. कुणालाही, काहीही.

एकदा आम्ही एका एसटीत होतो. हिनं कंडक्टरला विचारलं, "भाऊ, घंटी येकदा वाजवली की गाडी थांबती, दोनदा वाजवली की सुटती. तीनदा वाजवली तर काय व्हतं?" कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट घे." तिनं तिकीट घेतलं, आणि बीडच्या स्टँडवर उतरल्यावर सरळ ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन त्याला विचारून आली. त्यानं काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. मी विचारलं नाही ना! विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल केलं, अशी माझी समजूत. दवाखान्यात डॉक्टर सुई घेऊन उभे, आणि ही म्हणते, "ह्यात काय हाय, अन न्हाई टोचलं तर काय व्हईल?" डॉक्टर वैतागले. पण सांगितलं बरं का त्यांनी. हिला सगळे सांगतात, हेच तर मला सलायचं.

दुसरी खोड तळावरची. कुठलीही नवी गोष्ट आधी एका मेंढीवर. एके साली तळावर कुणी औषधवाला बाटल्या घेऊन आला, म्हणे जंतावर रामबाण. बाकीच्यांनी सगळ्या कळपाला पाजलं. हिनं एका मेंढीला पाजलं आणि म्हाळूला म्हणाली, "उद्यापातुर बाटलीला हात लावायचा न्हाई." दुसऱ्या दिवशी ती मेंढी तोंड सुजवून बसली. म्हाळूचा बाकी कळप चरत होता. शेजारच्या तळांचं काय झालं ते आज नको, जेवायची वेळ आहे.

तर आपण पारावर होतो. ते साहेब गेले, पुन्हा आले नाहीत. दोन पावसाळे गेले, आणि मग स्कुटीवरून आल्या स्वप्नाली मॅडम. तालुक्याच्या त्याच सल्ला केंद्रातल्या. तिशीच्या आतल्या असतील. पारावर बसल्याच नाहीत. आधी फाट्यावर गेल्या, जिथं बाया पाट्या घेऊन बसतात. खाली पोत्यावर बसल्या, आणि नासलेली सीताफळं एका बाजूला मांडून मोजली. मग संध्याकाळी गाव जमवून म्हणाल्या, "आम्ही पेरणी सांगतो, खत सांगतो, फवारा सांगतो, आणि माल घरात आला की गप्प बसतो. तुमचा निम्मा माल आमच्या त्या गप्प बसण्यात नासतो. हे आता बदलायचं ठरलंय."

बायडाबाईचा दोन वर्षांपूर्वीचा प्रश्नच की हा! फक्त धुऊन इस्त्री केलेला. आणि सगळे माना डोलवायले.

बदल काय, तर प्रत्येक गावात एक माणूस नेमायचा. माल काढल्यानंतरचं जे काही असेल, वाळवणं, साठवणं, टिकवणं, त्यापासून काही बनवणं, ते गावानं त्याला विचारायचं. त्याला येत नसेल तर त्यानं केंद्राला फोन करायचा. आणि त्या माणसाचं नाव, फोन नंबरासकट, पंचायतीच्या भिंतीवर. मोठ्या अक्षरात. रस्त्याच्या बाजूला.

त्या भिंतीसमोर एसटी थांबते, हे तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. माझ्या डोळ्यापुढं तिथंच अक्षरं उमटली: आप्पाराव. निळ्या रंगात. आप्पारावच्या खाली रेघ.

सरपंच सुंदररावांनी माझंच नाव घेतलं. मी नको नको म्हणालो, जसं म्हणायचं असतं तसं. मॅडम म्हणाल्या, "चांगलं आहे. आणि दुसरं नाव मी सुचवते, बायडाबाई. दोघांनी दिवाळीपर्यंत काम करून दाखवा, मग ठरवू."

घरी येऊन मी सारजाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, म्हटलं, "माझ्यापुढं कोण उभं केलंय ठाव हाय का? बायडी!"

ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तुमी बसा. उभं ऱ्हायला तिला सवय हाय."

केंद्राकडून एक फ्रीजर आला. तो कुठं ठेवायचा यावर मी म्हटलं, माझ्या भट्टीच्या शेडमधे जागा आहे, लाइट आहे, कुलूप आहे. मॅडम हसल्या. "आप्पा, थंड ठेवायचं यंत्र भट्टीशेजारी?" सगळे हसले. फ्रीजर गेला बायडाबाईच्या ओसरीवर. पांढराशुभ्र, नवा कोरा. त्यावर तिनं घोंगडी झाकली, नजर लागू नये म्हणून. ती नजर कुणाची ते मला न सांगता कळलं.

आणि मग सुरू झालं माझं मोजणं. भट्टीवर उभं राहिलं की तिची गल्ली दिसते. स्कुटी तिच्या दारात किती वेळ थांबली, माझ्या दारात किती वेळ. तिच्याकडं पाऊण तास, माझ्याकडं पाच मिनिटं. तिच्याकडं चहा पिऊन, माझ्याकडं "आप्पा, बरंय ना?" म्हणून. माझ्याकडं कमी वेळ का, याचं उत्तर साधं होतं. मॅडम विचारायच्या, "काही अडचण?" आणि मी म्हणायचो, "आपल्याला कसली अडचण?" अडचण नाही त्या माणसापाशी सल्ला देणारं माणूस थांबून काय करील? पण हे आज सुचतंय. तेव्हा मी नुसता स्कुटीचा आवाज ऐकायचो. एक दिवस असाच ऐकत उभा राहिलो आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा कढईला दूध लागलं. काळा धूर झाला. सारजाबाई दारात येऊन नाकाला पदर लावून म्हणाली, "दूध करपलं का तुमी करपलाव?"

तिकडं बायडाबाईचं काम जोरात. फळाचे डोळे उघडून मधली रेघ पिवळसर झाल्याशिवाय तोडायचं नाही, हे तिला आधीच माहीत होतं. देठ बोटभर ठेवायचा, पाटीत एकावर एक रचायचं नाही, हे मॅडमकडून शिकली. मग गर काढायचा, बी न फोडता. त्यात लिंबूसत टाकायचं, म्हणजे काळा पडत नाही. पाकिटं भरायची आणि फ्रीजरमधे. दर पायरीला फोन. "मॅडम, लोखंडाचा चमचा चालतो का?" "मॅडम, लिंबूसत म्हंजी भेळीत टाकत्यात तेच का?" "मॅडम, पाकिटात वारं ऱ्हायलं तर काय व्हईल?" गल्लीतल्या पाच-सहा बाया गोळा झाल्या, मग दहा झाल्या. एक दिवस मी बघितलं, माझ्याकडं तुपाचं विचारायला येणारी ताराबाई मला ओलांडून तिकडं गेली. नुसतं हसली आणि गेली.

मग मी ठरवलं की हिला आता आपल्या विद्येनं मारायचं. साधा हिशोब केला. दूध टिकत नाही, आटवलं की टिकतं. गर टिकत नाही, तर आटवा की! त्यात काय एवढं? सीताफळाचा खवा. ना फ्रीजर, ना लाइट, ना पाकिटं. मॅडम बघतच राहतील. खव्याच्या माणसाला जगात एकच इलाज ठाऊक असतो, आणि तो कढईत असतो.

दहा किलो फळांचा गर काढला, भट्टीचं दार लावून घेतलं, जाळ घातला आणि उलथणं धरलं. आधी वास आला तो असा, की मी एकटाच हसलो. मग रंग बदलायला लागला. पांढऱ्याचा गुलाबी, गुलाबीचा विटकरी. म्हटलं, मुरतोय. गोळा झाल्यावर बोटाच्या टोकावर घेतला, जिभेवर ठेवला.

कडू! कडुनिंबाचं कडू इमानदार असतं, समोरून येतं. हे गोडाच्या मागं लपून आलं आणि घशात बसलं. दूध प्यालो, गूळ खाल्ला, जाईना. सगळा गोळा उकिरड्यात पुरला. सारजाबाईनं विचारलं, तर म्हटलं सांडलं. ती म्हणाली, "सांडलेलं घासायला राख घिऊन घंटाभर बसत्यात व्हय?"

कुणाला सांगितलं नाही. मॅडमना तर नाहीच.

त्यानंतर आठवड्यात गावाची डीपी जळाली. मोठा आवाज झाला आणि सगळ्या गावाची लाइट बंद. चार दिवस तरी दुसरी मिळणार नाही, असं लाइनमन सांगून गेला. बायडाबाईच्या फ्रीजरमधे साठ पाकिटं. दिवाळी आठ दिवसांवर. मॅडम परभणीला प्रशिक्षणाला गेलेल्या, फोन बंद.

सकाळी दहाच्या सुमाराला ती भट्टीवर आली. लंगडत, घामानं भिजलेली. मला म्हणाली, "आप्पा, पाकिटं मऊ पडायलीत. मॅडमचा फोन लागंना. तुमाला इचारायला आले."

ऐका बरं. तुमाला इचारायला आले. दोन महिने ज्या शब्दांसाठी मी उपाशी होतो, ते शब्द तिनं आणून माझ्या दारात ठेवले. आणि त्याच वेळी मला भिंत दिसली. साठ पाकिटं नासली तर भिंतीवर नाव कुणाचं?

"आप्पा, आटवून ठिवू का? तुमचं दूध टिकतंय तसं टिकंल का?"

मी उलथणं फिरवत राहिलो. तिच्याकडं बघितलं नाही. म्हटलं, "आटव की. बेशक आटव. वरीसभर हालणार न्हाई."

"खरंच?"

"बायडे, चाळीस वर्सं काय गवत उपटलं का मी?"

"न्हाई, तसं न्हाई आप्पा," म्हणाली, आणि गेली.

ती गेल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. अर्धा तास गाणं म्हणत होतो. मग हळूहळू मान तिच्या गल्लीकडं वळायला लागली. धूर निघतो का बघायला. त्या दहा बाया आठवल्या. रोज सकाळी बोटं चिकट करून गर काढणाऱ्या. त्यात ताराबाई पण होती. मग वाटलं, जाऊन सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर उकिरड्यातलं सांगावं लागेल. पाय उचलला, परत ठेवला. असं तीनदा झालं. धूर काही निघाला नाही.

दुपारी सारजाबाई बातमी घेऊन आली. बायडाबाईनं साठातलं एकच पाकीट फोडलं, त्यातला पळीभर गर तव्यावर आटवला, चाखला, थुंकला, आणि उठली. मग विचारत सुटली. दूध केंद्रावर विचारलं, तिथं जागा नाही. किराणावाल्याला विचारलं, त्याचं यंत्र बंद. लग्नाच्या मंडपवाल्याला विचारलं. शेवटी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला विचारलं, त्याच्याकडं जनरेटर आणि थंड पेयांची पेटी. तो म्हणाला ठेवा. दहा बायांनी डोक्यावर पाट्या घेऊन, ओल्या पोत्यांत गुंडाळून, पाकिटं दीड कोस नेली. एकोणसाठच्या एकोणसाठ वाचली.

मी म्हटलं, "चांगलं झालं." 

निकालाच्या दिवशी पंचायतीच्या अंगणात सगळा गाव. मॅडम म्हणाल्या, "दोघांनी सांगायचं, या दोन महिन्यांत काय शिकलात." मी उठलो आणि चाळीस वर्षं सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जशा कीर्तन संपल्यावर वाजवतात. मग बायडाबाई उठली. तिनं शिकलेलं सांगितलंच नाही, नासलेलं सांगितलं. पहिल्या दिवशी बिया फुटल्या, ती पाटी गेली. दुसऱ्यांदा लिंबूसत कमी पडलं, गर काळा झाला. एकदा पाकिटात वारं राहिलं. "अन येक पळी तव्यावर आटवली. कडू झाली. गर तापवायचा न्हाई, हे समद्यांनी ध्यानात ठिवा."

मॅडम सावरून बसल्या. "बरोबर आहे. तापवला की कडवट होतो. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं, माझी चूक झाली. पण तुम्हाला आटवायचं सुचलं कसं?"

मी पंचायतीच्या भिंतीकडं बघायला लागलो.

"आप्पांना इचारलं व्हतं," ती म्हणाली. "खव्याच्या माणसाला सीताफळ इचारलं. इचारताना माझंच चुकलं."

अंगण हसलं. मॅडमही हसल्या आणि माझ्याकडं वळल्या. "आप्पा, तुम्ही स्वतः कधी करून बघितलं होतं का?"

तिथं एक वाट होती. सरळ, मोकळी. 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. मी म्हटलं, "न्हाई."

भिंत रंगवायला नाथा पेंटर आला. मी समोरच्या टपरीवर बसून सगळं बघितलं, आधी चुना, मग दोरी मारून रेघा, मग अक्षरं. 'काढणीनंतरच्या सल्ल्यासाठी भेटा' एवढं लिहून त्यानं विडी ओढली. मग 'बायडाबाइ' लिहिलं, शेवटची इ ऱ्हस्व. मला राहवलं नाही. ओरडलो, "नाथ्या, दीर्घ काढ बे! बाईची ई दीर्घ असती!" त्यानं पुसून दीर्घ काढली. दुश्मनाचं नाव मी सुधारून घेतलं. सातवी पास असल्याचा हा असा उपयोग.

पुढचे पंधरा दिवस फार वाईट गेले. कोण कुठून यायचं! एकदा दिंद्रुडहून मोटारसायकलवर दोघं आले, भट्टीपाशी थांबले. मी उलथणं ठेवून पुढं झालो. त्यातला एक म्हणाला, "बाबा, बायडाबाई सल्लागार कुठं ऱ्हात्यात?" मी त्यांना खालच्या गल्लीत पाठवलं. वरची सांगायची, खालची सांगितली. दहा मिनिटांनी परत आले, बिचारे म्हणाले, "बाबा, तुमची चूक झाली वाटतं, वयानं व्हतं." तो शब्द लागला. वयानं व्हतं! वयानं नव्हतं झालेलं. सारजाबाईनं ते ऐकलं होतं. ती बाहेर आली, पाहुण्यांना बरोबर वाट दाखवली, आणि मला फक्त एवढं म्हणाली, "आता मी कुणाकुणाला वाट दाखवत बसू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतरवलं आणि तिच्या घरी गेलो. ओसरीवर चार-पाच बाया फळं निवडत बसलेल्या. एकीकडं चांगली, एकीकडं डागाची. बायडाबाईनं पोतं झटकून पुढं टाकलं. "या आप्पा, बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्यानंच म्हटलं, "बायडे, तवा तू आलतीस ना इचारायला, आटवू का म्हणून. त्याच्या आधीच माझी कढई कडू झालती. दहा किलोचा गर उकिरड्यात पुरला मी. म्हाईत असून तुला सांगितलं. भिंतीवर माझं नाव पाहिजे व्हतं मला. मॅडमपुढं बी खोटं बोललो."

बायांचे हात थांबले. ताराबाई तोंड उघडं ठेवून बघायला लागली. बायडाबाईनं हातातलं फळ उलटंपालटं करून बघितलं, डागाच्या ढिगात टाकलं आणि हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, शब्दाला शब्द सांगतो, एकही माझा नाही:

"ते मला पळी थुंकली तवाच कळलं, आप्पा. चाळीस वर्सं चाखणाऱ्या माणसानं चाखल्याबिगर सांगितलं, असं व्हत न्हाई. ते ऱ्हाऊ द्या आता. काल माजलगावच्या येका बाईचा फोन आलता, खवा तिसऱ्या दिशी आंबट कावून व्हतो म्हणून. नाव माझं हाय भिंतीवर, अन खव्यातलं मला काडीचं कळत न्हाई. तुमी जळा न्हाईतर इझा, पर उद्या दुधाच्या टायमाला मी येणार हाय. पयल्या उकळीपासून दाखवायचं. अन ह्या बारीला खरं सांगायचं."